बावीस पँटींचं तिकीट

परवा समोरच्या घरातली बाई वहिनीला विचारायला आली. तिच्या पोरांनी हट्ट धरलाय, त्या मोठ्या पार्कात जायचं म्हणून, पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत तिथे. बाई म्हणाली, "तिकीट परत वाढलंय हो. तुम्ही गेला होतात ना मागे? पैसे वसूल होतात का?" वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने हातातला ओला टॉवेल बादलीत टाकला, "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली आणि आत निघून गेली. बाईला राग आला असणार. पण तिची काय चूक. दादाला जाऊन चार महिने झाले एवढं तिला माहीत आहे, पार्कातल्या त्या दिवसाचं माहीत नाही. तो दिवस दादाने मशीनवर बसून मला, त्याच्या धाकट्या बहिणीला, तीन-चार वेळा सांगितला होता, दर वेळी थोडा जास्त. तोच इथे लिहिलाय.

आमचा दादा शिंपी. म्हणजे सूटबूट शिवणारा, बाहेर बोर्ड लावणारा शिंपी नव्हे. जिन्याखाली एक मशीन आणि एक माणूस मावेल एवढी जागा, तिथे बसून तो रेडिमेड कपडे दुरुस्त करायचा. पँटची उंची कमी कर, कंबर सोड, चेन बदल. म्हणायचा, "देवाने माणसं वेगवेगळी केली आणि कंपनीने पँटी सारख्या केल्या, म्हणून आपण जेवतो."

त्यामुळे त्याचा हिशेबही पँटींमध्येच चालायचा. गॅस आला, इतक्या पँटी. लाइटबिल, इतक्या पँटी. मुंगी, म्हणजे त्याची मुलगी, जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं, ती पाच वर्षांची असताना पहिल्यांदा पार्कात जायचं म्हणाली. मोठ्या पाळण्यात बसायचं, आणि बाबा बाजूला पाहिजेत. तेव्हा एक तिकीट चौदा पँटींचं होतं. दादा म्हणाला, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी सतरा झालं. मग एकोणीस. दादा पैसे जमवायचा आणि तिकीट पुढे पळायचं. वहिनी म्हणायची, "आपण बसमागे धावतोय. ती काही थांबायची नाही." मुंगी दहाची झाली, विचारायची बंद झाली. मग दादालाच लागून राहिलं. पोरगी मागते तोवर तोंड लपवता येतं, मागायची थांबली की काय करायचं.

शेवटी बावीस पँटींवर गेलं तेव्हा दादाने ठरवलं की आता बस्स. त्यात उंचीचा नियम होता. एकशे चाळीस सेंटिमीटरच्या आत असेल तर लहान मुलाचं तिकीट, तेरा पँटी. दादाने मुंगीला दाराला टेकवून उभं केलं, गळ्यातली टेप लावली. एकशे अडतीस. "एक बोट शिल्लक आहे," म्हणाला, "याच महिन्यात जायचं. नाहीतर ही वाढेल आणि आपण बसू."

दोन मोठी, एक लहान, बसचं भाडं वेगळं, असे मोजून पैसे घेतले. दादाने आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. वहिनीने तिघांचा डबा केला. सकाळी दहाला गेटवर.

गेटवर लोखंडी पट्टी होती, तिच्यावर आकडे. वॉचमनने मुंगीला उभं केलं आणि म्हणाला, "पूर्ण तिकीट."

"नाही नाही," दादा म्हणाला, "एकशे अडतीस आहे. मी घरी मोजलंय."

"मी इथे मोजतोय, काका. एकशे बेचाळीस."

"अहो, मी शिंपी आहे. वीस वर्षं हेच करतोय."

"मग तर बघायलाच नको."

दादाने गळ्यातली टेप काढली. वॉचमन काही वाईट माणूस नव्हता, त्याने ती पट्टीच्या बाजूने सरळ धरून दाखवली. टेपचं एकशे अडतीस पट्टीच्या एकशे बेचाळिसावर येत होतं. कापडी टेप, वीस वर्षं रोज ओढून ओढून लांबली होती. दादाला कधी कळलंच नाही, कारण कळायचं कसं? अंगाचं माप त्याच टेपने, कापडाचं माप त्याच टेपने. दोन्हीकडे चूक सारखीच, त्यामुळे पँटी बरोबर बसायच्या. त्या एका टेपच्या बाहेर त्याने कधी काही मोजलंच नव्हतं.

मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "काका, या टेपने जमीन विकत घ्या, फायद्यात राहाल!" सगळे हसले. दादाही हसला. मुंगी हसली नाही. ती खाली आपल्या चपलांकडे बघत होती.

आता तिघांची पूर्ण तिकिटं होत नव्हती. दादा म्हणाला, "तुम्ही दोघी जा."

वहिनी म्हणाली, "आणि तुम्ही? इथे काय मोजत बसणार?"

"अगं, जा ना."

"काही नको. चला घरी. हौस फिटली."

"सहा वर्षं झाली," दादा म्हणाला, "आता दारातून परत गेलो तर आपल्यासारखे वेडे आपणच. जा."

डबा आत चालत नव्हता, बाहेरचं खाणं मना. म्हणून दादाने वहिनीच्या हातात आत खायला थोडे पैसे दिले, मोबाइलही दिला, फोटो काढायला, आणि डबा स्वतःकडे ठेवला. दोघी आत गेल्या. वहिनीने तीनदा वळून बघितलं. मुंगीने एकदाही नाही.

तेच त्याला लागलं. बाकी गेटवर माणसं हसली त्याचं काही नाही, म्हणायचा, लोक हसायचेच. पण पोरीला आपली लाज वाटली. तिकिटासाठी बापाने उंची चोरली, आणि तीही धड चोरता आली नाही, असंच तिला वाटलं असणार.

बाहेर गाड्या लावायच्या जागेजवळ एक बाक होतं, तिथे बसला. नुसतं बसायची सवय नाही. मग बाहेर येणाऱ्या लोकांना विचारायला लागला, "काय, पैसे वसूल?" एक जाडा माणूस म्हणाला, "दोन तास रांग, दोन मिनिटं पाळणा, आणि मग उलटी. उलटी फुकट होती." एक म्हातारी म्हणाली, "मी तर सावली शोधत फिरले. सावलीचे पैसे दिले म्हणा." एका बाईच्या पर्सचा पट्टा तुटला होता. दादाच्या कॉलरमागे कायम दोऱ्याची सुई अडकवलेली असायची. त्याने तिथेच पट्टा शिवून दिला, मग तिच्या नवऱ्याची पाण्यात फाटलेली पँट, मग आणखी कुणाचं काही. तिघांनी पैसे दिले, एकाने नुसते आशीर्वाद दिले. सुट्टीच्या दिवशीही शिवणच. पण त्याला बरं वाटलं, निदान हात हलत होते.

अडीच वाजता वॉचमन चहा घेऊन आला. "काका, तीन वाजल्यानंतरचं अर्धं तिकीट असतं. सकाळी सांगायचं सुचलं नाही, गर्दी होती."

अर्धं म्हणजे अकरा पँटी. खिशातले आणि शिवणाचे मिळून बरोबर जमत होते. दादा अर्धा तास विचार करत बसला. अकरा पँटी, चार तासांसाठी. एवढ्यात घरात काय काय आलं असतं. पण मोठा पाळणा बाकावरूनही दिसत होता, आणि त्यात बाजूला बसायचं तोंडाने कबूल केलेलं होतं. डबा वॉचमनकडे ठेवला आणि गेला आत.

आत एवढी जत्रा की माणूस हरवून जाईल. मोबाइल वहिनीकडे. दीड तास फिरला, एकाही पाळण्याकडे बघितलं नाही, नुसती माणसांची तोंडं बघत होता. मग एका तळ्याच्या पलीकडे दोघी दिसल्या, कठड्याला टेकून उभ्या. वहिनी पाठमोरी. मुंगीचं तोंड त्याच्याकडे. मध्ये फार तर चाळीस पावलांचं पाणी. दादाने दोन्ही हात वर करून हलवले. वेड्यासारखे हलवले, बाजूचे लोक बघायला लागले. मुंगीने सरळ त्याच्याकडे बघितलं. अगदी सरळ. आणि मान फिरवून आईला काहीतरी सांगून चालायला लागली.

दादाने हात खाली घेतले. पळत जाऊन गाठता आलं असतं. नाही गेला. तिथेच कठड्यावर बसला, पाय सुजले होते, चप्पल काढली. सांगताना म्हणायचा, "खरंच सांगतो, त्या वेळी घरी जावं असं पण वाटलं नाही. कुठेच जावं असं वाटलं नाही."

तिकडे दोघी गेटवर गेल्या होत्या, बाबांजवळ बाहेर बसू म्हणून. वॉचमन म्हणाला, "ते तर कधीच आत गेले." मग वहिनी घाबरली. सहाच्या सुमाराला भोंग्यावर आवाज आला, "निळा शर्ट, वय पन्नास, गळ्यात टेप असलेले शिंपीकाका, जिथे असाल तिथून हरवलेल्या मुलांच्या खोलीत या. तुमची मुलगी वाट बघत आहे."

दादा गेला. खोलीत भिंतीवर ससे काढलेले, छोट्या खुर्च्या, एक पोर रडत होतं. मुंगी त्याच्यावर धावून आली. "कळत नाही का तुम्हाला? एका जागी थांबायचं ना! आई रडतेय तिकडे!" वहिनी रडत नव्हती, पण तिनेही री ओढली, "थांबतील कशाला? मोजायचं राहिलं असेल काही." तिथल्या मुलीने मुंगीची सही घेतली, वडील मिळाले म्हणून.

वहिनीचे पाय गेले होते. ती म्हणाली, "मी बसते इथेच, तुम्ही दोघं जा त्या तुमच्या पाळण्यात, म्हणजे सुटले मी." दोघं रांगेत उभी राहिली. रांग साखळ्यांमधून वेटोळी घालत गेलेली. दुकानात दादाच्या तोंडात कायम टाचण्या, घरी आला की झोप. पोरीबरोबर असा अर्धा-पाऊण तास, दुसरं काही काम नसताना, तो कधी उभाच राहिला नव्हता. काय बोलायचं तेही सुचेना. शेवटी विचारलंच, "मघाशी तळ्यापाशी मी हात केला. बघून न बघितल्यासारखं का केलंस?"

"कुठे? केव्हा?"

"समोर होतो मी. तू बघितलंस माझ्याकडे."

 मुंगी म्हणाली, "मला नाही दिसत, बाबा."

"काय नाही दिसत?"

"लांबचं. फळ्यावरचं पण नाही दिसत. गेल्या वर्षापासून."

"मग सांगायचं नाही का?"

"बाईंनी चष्मा लागेल म्हणून सांगितलं होतं. पण तुम्ही पार्कासाठी पैसे साठवत होता ना. तुम्हाला किती यायचं होतं इथे."

 दादा पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिला. रांग सरकली, ती दोघं सरकली. मुंगी मात्र एकदा सुरू झाली ती बोलतच राहिली. मैत्रीण फळ्यावरचं वाचून दाखवते, तिला बदल्यात गणितं करून द्यावी लागतात, बस जवळ आली की आकडा कळतो, गेटवर हसली ती माणसं तिला दिसलीच नाहीत धड, नुसता आवाज आला, आणि तिला वाटलं की आपण उंच झालो म्हणून बाबा बाहेर राहिले, आता बाबा आपल्यावर चिडलेत. सगळं एका दमात. दादा "हं" म्हणत होता.

पुढे सहा-सात जण उरले असताना पाळणेवाल्याने साखळी लावली. सात वाजले. बंद. लोकांनी आरडाओरडा केला, पैसे दिलेत आम्ही, वगैरे. दादा नाही ओरडला. मुंगी म्हणाली, "जाऊ दे, बाबा. वर जाऊन मला काय दिसणार होतं?"

बसमध्ये तिघांनी डबा खाल्ला, गार झालेला. दादा म्हणाला, "उद्या पण दुकान बंद. हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय." वहिनीला वाटलं, हे दमलेत, काहीतरीच बोलतायत. मग मुंगीकडे बघितलं आणि तिला कळलं. 

चष्मा नऊ पँटींमध्ये झाला, फ्रेमसकट. दुकानातून बाहेर आल्यावर मुंगी रस्त्यावरच्या पाट्या वाचत सुटली, गाड्यांचे नंबर, तिसऱ्या मजल्यावरची कुंडी, काय दिसेल ते. मग दादाकडे वळली, नीट बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?"

दादा इथपर्यंत सांगायचा, हसायचा, आणि मशीनवर पाय ठेवायचा.