अर्धं विणून निघालेली आत्या

सगळ्या गावाची आत्या व्हायला एकच अट असते, माहेर सोडून कुठे जायचंच नाही. ही अट पाळायला आयुष्य जातं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सतरंजीवालीनं ती पाळली. बाप लवकर गेला होता, आणि आई गेली तेव्हा धाकटा भाऊ भिंत धरून चालत होता. पुढे स्थळं आली. प्रत्येक स्थळाला तिनं एकच विचारलं, हा बरोबर येईल ना? पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, तेवढ्यात ही उठून मागावर जाऊन बसायची. त्यांचं उत्तर तिला कळलेलं असायचं.

तोंडावर तिला सगळे आत्या म्हणत आणि पाठीमागे आवरआत्या. तिला अर्धं काही चालत नसे. कुणी चहाचा कप हातात धरून गोष्ट सांगायला लागलं, की ती म्हणायची, आधी कप आवर, मग तोंड उघड. मागावर चढलेली सतरंजी उतरल्याशिवाय ती कुणाच्या लग्नाला गेली नाही. भांडणसुद्धा उद्यावर ठेवत नसे. एकदा शेजारणीशी वाद चालू असताना मध्येच कुणीतरी आलं आणि तो तसाच राहिला. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर आत्या तिच्या दारात उभी. "तुझं बोलून झालं होतं, माझं राहिलंय," म्हणाली, राहिलेलं बोलली, आणि तिच्याकडचंच पाणी पिऊन घरी आली.

अशा हातांनी तिनं भावाला वाढवलं, शिकवलं आणि परदेशी पाठवलं. तिथे तो शहरातल्या बसवर ड्रायव्हर झाला. लग्न तिथेच केलं, मुलं तिथेच झाली. दोनतीनदा येऊन गेला. आत्या काही गेली नाही. कारण विचारलं तर मागाकडे बोट दाखवायची.

मग त्याचे डोळे बिघडले. आतल्या पडद्याचं दुखणं. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग धरला आणि तो वाढत चालला. ज्या गोष्टीकडे बघावं तीच नेमकी डागाखाली जायची, कडेकडेचं मात्र दिसायचं. बस चालवणं सुटलं. दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यावी लागायची, म्हणून त्याला तिथून हलता येईना. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, की सुयांनी डागाचा वेग कमी होईल, डाग जाणार नाही.

त्यानं फोन केला. एरवी तो मोठ्यानं बोलायचा, त्या दिवशी हळू बोलला. "ताई, फोनमध्ये तू दिसेनाशी झालीस. तू इकडे ये. एकदा नीट बघू दे."

आत्यानं फोन ठेवला आणि त्याच दिवसापासून आवरायला घेतलं.

आमच्या बाजाराच्या गावात एक झेरॉक्सवाला आहे. मशीन त्याचं एकच, पण जगातल्या कुठल्याही देशाचा फॉर्म तो भरून देतो. भावाचं बोलावण्याचं पत्र, त्याच्या घराचे कागद, आत्याचा पासपोर्ट, फोटो, सगळं त्यानं ओळीनं लावलं. इकडे आत्या घर लावत होती. घेतलेली सगळी कामं तिनं विणून ज्याची त्याला पोचती केली. शाळेच्या बाई मोठ्या दालनासाठी भिंतीपासून भिंतीपर्यंतची सतरंजी मागायला आल्या, तर त्यांना हात जोडून परत पाठवलं, कारण ते काम जाण्याआधी पुरं होणारं नव्हतं. उरलेलं सूत खालच्या आळीतल्या विणकरांना वाटलं. मागाच्या दोऱ्या सोडल्या, धागे ठोकायची फणी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. म्हातारपणी लांबचा प्रवास करायचा तर मागे राहिलेल्यांना आपलं काही निस्तरायला लागू नये, ही चांगल्या माणसाची रीत आहे असं ती समजत होती. आम्हीही तेच समजत होतो.

व्हिसाच्या मुलाखतीला शहरात जायचं होतं. सोबत म्हणून मी गेलो. मोठा थंड हॉल, खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर आकडे बदलणारी पाटी, समोर काचेच्या खिडक्या. पहिल्या खेपेला मला हॉलच्या बाहेरच बसवलं, दारातून दिसलं तेवढंच. आत काय झालं ते परतीच्या बसमध्ये तिनंच सांगितलं, आणि परीक्षेत पहिली आलेली मुलगी सांगते तसं सांगितलं. साहेबानं विचारलं, घरी कोण आहे? म्हटलं, कोणी नाही. काम काय करता? सतरंज्या विणते. हातात सध्या कोणतं काम आहे? म्हटलं, एकही नाही साहेब, माग सोडून ठेवलाय, माझ्यामागे कुणाला काही बघायला लागणार नाही, सगळं आवरून आलेय.

"खूश झाला बघ," आत्या म्हणाली. "लगेच लिहून घेतलं."

त्यानं काय लिहून घेतलं ते काही आठवड्यांनी कळलं. पासपोर्ट कोरा परत आला, सोबत एक कागद. झेरॉक्सवाल्यानं तो वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. आत्या मुदत संपल्यावर परत मायदेशी येतील याची खात्री पटत नाही, असं त्यात होतं.

"आत्या, तुम्ही त्याला सांगून आलात की इथे तुमचं काही उरलं नाही."

"मग काय सांगायचं होतं? कामं अर्धी टाकून आलेय? असल्या माणसाला कोण दारात उभं करेल?"

"जो अर्धं टाकून जातो तोच परत येतो, असा त्यांचा हिशोब आहे."

आत्या त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिली. मशीन चालू होतं, त्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकून जात होता. झेरॉक्सवाला तसा दयाळू. तो म्हणाला, पुढच्या वेळी सांगू की चुलत भाचीचं लग्न इथे ठरलंय, पत्रिकाही छापता येते. आत्यानं मान हलवली. खोटं एकदा बोललं की ते जन्मभर सांभाळत बसायचं, ते कधी आवरायचं, असं तिनं त्यालाच विचारलं.

तिकडे डाग काही थांबला नव्हता. भाऊ फोनवर म्हणाला, की मुलांचे चेहरे आता त्याला त्यांच्या खांद्याकडे बघितलं तरच दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या शाळेच्या बाईंच्या घरी गेली आणि ते दालनाचं काम घेऊन आली.

आता हे नीट समजून घ्यायला हवं, कारण गावातल्या पुष्कळांना ते तेव्हा समजलं नाही. ते काम वर्षभराच्या घरातलं. ते हाती घेतलं म्हणजे जाण्याआधी संपणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच तिनं ते घेतलं. फणी माळ्यावरून खाली आली. दोऱ्या पुन्हा बांधल्या. तिच्या एका मागाची रुंदी पुरेना, म्हणून खालच्या आळीतून दुसरा मोडका माग आणून सुतारानं दोन्ही जोडले. उभे धागे ताणायला सगळी गल्ली लागली. एक टोक तिच्या ओसरीवर, दुसरं थेट पाण्याच्या टाकीपाशी, आणि मधे आम्ही माणसं धागा जमिनीला लागू नये म्हणून हात वर करून उभे. त्या धाग्यांवर सकाळचं ऊन पडलं आणि ते ओसरीपासून टाकीपर्यंत चमकले. वर्षानुवर्षं आम्ही तिच्या सतरंज्यांवर बसत आलो होतो, पण सतरंजी कुठून निघते ते आम्ही पहिल्यांदा बघत होतो.

मग ती विणायला बसली. वीतभर झालं, हातभर झालं, आणि झेरॉक्सवाल्यानं पुन्हा भरून दिलेल्या अर्जावर मुलाखतीची तारीख आली. आदल्या दिवशी दुपारी तिनं आडवा धागा टाकला, फणी ठोकली, आणि धाग्याचा धोटा तिथेच सतरंजीच्या कडेला ठेवला. ओळसुद्धा पुरी केली नाही. ती उठली तेव्हा मी दारातच उभा होतो. पोटच्या पोराला अनोळखी घरात सोडून यावं तसा तिचा चेहरा झाला होता. मोठमोठी धाडसं करणारी माणसं मी पाहिली आहेत, पण जन्मभराची सवय अशी मधोमध मोडून ठेवणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव ती अर्धी सतरंजी बघून गेलं. माणसं चपला बाहेर काढून आत यायची आणि हात मागे बांधून उभी राहायची.

या खेपेला मला आत जाऊ दिलं. आत्या खिडकीशी उभी, मी मागच्या खुर्चीत. काचेपलीकडे पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. आपली भाषा त्या शिकून बोलत होत्या, सावकाश, एकेक शब्द निवडून. मागच्या वेळचा कागद त्यांच्यासमोर होता. त्यांनी थेट विचारलं, परत कशासाठी याल?

आत्यानं मागाचा फोटो आणि शाळेचं पत्र फटीतून आत सारलं. "सतरंजी अर्धी ठेवून आलेय बाई. आजवर कधी ठेवली नव्हती."

बाईंनी फोटो बघितला. गावात दुसरे विणकर नाहीत का, ते पुरी करू शकत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. त्या आपलं काम करत होत्या.

"करतील की. माझ्याहून चांगली करतील. पण हात बदलला की कापडात कळतं."

"कसं कळतं?"

तिच्या काखेत तिचं बस्कर होतं. कुठेही गेली तरी बसायला ती ते सोबत नेई, त्या दिवशीही बाहेरच्या रांगेत त्यावरच बसली होती. तिनं त्याची घडी मोडली आणि एक कड काचेखालच्या फटीतून आत सरकवली. म्हणाली, हे माझ्या आईनं मागावर घातलं होतं. मध्येच ती गेली. राहिलेलं मी विणलं. तेव्हा मी पोर होते. कुठपर्यंत आई आहे ते तुम्हीच बघा.

बाईंनी कापड उलटंपालटं केलं. रंग तोच, पट्टे तेच. त्यांनी मान हलवली, नाही दिसत. आत्या म्हणाली, डोळ्यांनी नका बघू.

तेव्हा त्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं, डोळे मिटले, आणि बोटं एका टोकापासून हळूहळू पुढे नेली. बोटं जात राहिली, जात राहिली, आणि एका जागी थबकली. थोडी मागे आली, पुन्हा तिथेच जाऊन थांबली.

"इथे," बाई म्हणाल्या.

"हो," आत्या म्हणाली. "तिथे गेली ती."

बाईंनी लगेच हात काढला नाही. काढला तेव्हा बस्कर स्वतः घडी करून परत दिलं आणि पासपोर्ट ठेवून घेतला. आणखी काही विचारलं नाही.

पासपोर्ट आला तेव्हा त्यात व्हिसा होता. झेरॉक्सवाला अजूनही सांगतो, की शाळेच्या पत्रावर शिक्का होता म्हणून काम झालं. असेलही. त्याचा अनुभव मोठा आहे. मी फक्त जे पाहिलं ते सांगतो.

आत्या गेली. माग ओसरीवर तसाच होता. खालच्या आळीतल्या विणकरांनी त्यावर धूळ बसू नये म्हणून चादर टाकली, पण धोट्याला कुणी हात लावला नाही. शाळेच्या बाई एकदा येऊन गेल्या, चादर उचलून बघितली आणि पुन्हा तशीच टाकून गेल्या.

मुदत संपायच्या बरंच आधी आत्या परत आली. गल्लीतली माणसं जमली. विमान कसं होतं, इमारती केवढ्या, थंडी कशी, भावजय नीट वागली का, सगळे विचारत होते. तिनं थोडी थोडी उत्तरं दिली. सगळे पांगल्यावर मी विचारलं, तिकडे काय बघितलंस गं?

"मी काही बघायला गेले नव्हते," ती म्हणाली. "तो बघणार होता."

मग तिनं सांगितलं. भावाच्या घरात एक खिडकी होती, तिच्यातून दिवसभर चांगला उजेड यायचा. तिथे त्यानं दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. रोज सकाळी ही एकीवर बसायची, तो दुसरीवर. आणि तो बघायचा. सगळी आत्या एकदम त्याच्या नजरेत मावत नव्हती, म्हणून थोडी थोडी बघायचा. एक दिवस कपाळ. एक दिवस हात, दोन्ही बाजूंनी. हनुवटी बघायची तर तो तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचा, म्हणजे हनुवटी डागातून बाहेर यायची.

"आणि तू काय करायचीस?"

"काही नाही. बसायचे."

मला ते खरंच वाटेना. शेंगा सोलल्याशिवाय, निदान वाती वळल्याशिवाय या बाईला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती तिथे महिनोन्‌महिने रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती, कारण हात हलले की त्याला दिसायचं नाही.

"शेवटी शेवटी डाग फार वाढला होता," ती म्हणाली. "निघायच्या आधी एक अख्खा दिवस त्यानं माझा डावा कान बघितला. मी म्हटलं, अरे धाकल्या, कानात काय बघायचं असतं? तर म्हणाला, हा आईसारखा आहे, असं तूच मला लहानपणी सांगायचीस. मला तर तिचं काहीच आठवत नाही. थांब ताई, हलू नकोस."

आत्यानं मागावरची चादर उचलली आणि धोटा हातात घेतला.

"मग मी हलले नाही."