भलत्याच टॅबमधलं स्थळ

माझं नाव लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटवर घालायचं काकांनी ठरवलं, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. विरोध करण्याइतकं कुणाला त्यातलं कळतच नव्हतं. भिवंडीत काकांचे कापड विणायचे थोडे लूम होते आणि शेडला लागून असलेल्या त्यांच्या ऑफिसात नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. शुक्रवारी लूमला सुट्टी, खडखडाट बंद, म्हणून स्थळं बघायची ती शुक्रवारी दुपारी. माऊस काकांच्या हातात, शेजारी मी, मागच्या खुर्चीवर आई.

प्रत्येक स्थळ वेगळ्या टॅबमध्ये उघडायचं, हे काकांना कुणीतरी शिकवलं होतं. उघडलेला टॅब बंद करायला मात्र त्यांचं मन होत नसे. "असू दे, लागला तर?" म्हणायचे. शेवटी टॅब इतके व्हायचे की त्यांवरची नावंही दिसायची नाहीत, आणि ब्राउझर जागच्या जागी थिजायचा.

त्या शुक्रवारी ठाण्याचा एक बँकवाला सगळ्यांना पसंत पडला. मलाही फोटो बरा वाटला. काकांनी 'इंटरेस्ट पाठवा'चं बटण दाबलं. काही हललं नाही. परत दाबलं.

"हँग झालंय काका. आता काही दाबू नका."

"अगं, जरा धक्का दिला की चालतं," म्हणत त्यांनी शेजारच्या टॅबवर क्लिक केलं. तोही उघडेना, तेव्हा पुन्हा बटणाच्या जागी टकटक सुरू केली.

"भावजी, बंद पडला काय वो?" आईनं मागून विचारलं. आई दिघाशी गावची, तिची बोली शहरात येऊनही सुटली नव्हती.

"नाही वहिनी, विचार करतोय."

विचार संपला तसा ब्राउझर एकदम जागा झाला आणि त्यानं काकांचे सगळे हुकूम ओळीनं पाळले. बँकवाल्याला इंटरेस्ट गेला, मग शेजारचा टॅब समोर आला आणि उरलेली टकटक तिथल्या बटणावर पडली. 'तुमचा इंटरेस्ट पाठवला आहे,' अशी हिरवी ओळ उमटली. वर चौकड्याच्या शर्टातला एक माणूस हसत होता. गाव अकलोली, भिवंडीजवळ वडप्याच्या गोदामात सुपरवायझर. "गोदामातली नोकरी, आज आहे उद्या नाही," म्हणून थोड्याच वेळापूर्वी काकांनी त्याला नापास केलं होतं.

गेलेला इंटरेस्ट परत कसा घ्यायचा ते आम्हाला सापडलं नाही. बँकवाल्याचं उत्तर आलं नाही. अकलोलीहून मात्र मुलाच्या वडिलांचा फोन आला. काकांनी मोबाइलवर हात ठेवला. "वहिनी, काय सांगू? चुकून गेला म्हणू?"

"तसं सांगायचं न्हाय," आई म्हणाली. "मानसानं आदरानं फोन केलाय. येऊ द्या, चहा घेतील न जातील."

मुलगा आणि त्याचे आईवडील आले. पोहे झाल्यावर आम्हा दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं. मला राहवेना.

"एक सांगू? तुम्हाला इंटरेस्ट आम्ही मुद्दाम पाठवला नव्हता. टॅब हँग झाला होता."

वाटलं, आता हा रागावून उठणार. तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "म्हणजे नकार होता?"

"काकांचा होता. मी तुमचा टॅब नीट बघितलाच नव्हता."

"मग आता बघा," म्हणून तो ताठ बसला. "आमच्या गोदामातला कॉम्प्युटरही रोज हँग होतो. बाहेर गाड्यांची लाइन. मी माऊस सोडून देतो न ड्रायव्हरांशी गप्पा मारतो. त्याचं त्याला उठू दे."

आमच्या घरात माऊस सोडून देणारं कुणी नव्हतं. मला ते फार आवडलं.

संध्याकाळी काकांनी विचारलं आणि मी हो म्हणाले. "तशी गोदामं आता वाढणारच म्हणा," असं ते स्वतःशीच बोलले. लग्नात मात्र भेटेल त्याला सांगत होते, "हे स्थळ मी शोधलं." आई ऐकायची आणि हसू लपवायला पदरानं तोंड पुसायची.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी सासूबाई मला अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेल्या. पाणी इतकं कढत की मी पाय बुडवून लगेच वर घेतला. "हळूहळू सोड, सवय होते," त्या म्हणाल्या, आणि स्वतः साडी सावरून माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. मी पाय पुन्हा पाण्यात सोडला, हळूहळू.