सामुराईची काडी

माझं पोस्टिंग तेव्हा वेल्सच्या डोंगरांतल्या एका ट्रेनिंग एरियात होतं. मी ब्रिटिश आर्मीत कॉर्पोरल, हाताखाली आठ जणांचं सेक्शन. साडेपाचला उठायचं, सहाला दाढी, सव्वासहाला किट इन्स्पेक्शन. सैनिक म्हटलं की लोकांना गोळीबार आठवतो. आमचा निम्मा वेळ ओले मोजे पिळण्यात जायचा.

सेक्शनमध्ये निखिल होता. क्रॉयडनचा, बावीस वर्षांचा, आईवडील नागपूरचे. अख्ख्या कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. फॉलइन झालं, ड्युटी सुरू झाली की मी कॉर्पोरल, चहाच्या वेळी दादा. हा नियम त्याने कधी मोडला नाही.

मला त्या काळात सामुराईंचं वेड होतं. वाचायचो आणि रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांना डोस पाजायचो. एक जपानी म्हण माझी फार लाडकी होती: सामुराई उपाशी असला तरी दातात काडी धरून हिंडतो. पोटात कण नाही, पण बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच जेवून उठलाय. वेम्बलीला घरी गेलो तेव्हा आईला ती ऐकवली. आई म्हणाली, "आपल्याकडे ह्याला घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा, असं म्हणतात. आणि आपण त्याला हसतो."

मी हसण्यावारी नेलं. सेक्शनमध्ये मात्र काडीचा रिवाज पडला. पाय सोलले, पाठ धरली, की तक्रार करायची नाही. आगपेटीतली काडी दातात धरायची आणि चालायचं. निखिल खिशात आगपेटीच ठेवायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा.

नोव्हेंबरातल्या एक्सरसाइजचा तिसरा दिवस. ११:४० ला ओढा ओलांडताना निखिल घसरला आणि छातीपर्यंत भिजला.

"ड्राय किट?" मी विचारलं.

"आहे, कॉर्पोरल. वर पोचल्यावर बदलतो."

तिथेच बदलायला लावणं माझं काम होतं. बॅग उघडायला लावली असती तर आतलंही सगळं भिजलंय हे कळलं असतं. आम्ही वेळेच्या मागे होतो. मी पुढे चला म्हणालो.

१३:०० ला तो कुडकुडत होता. त्याने काडी दातात धरली आणि मला डोळा मारला. १३:४० ला काडी ओठांतून पडली. तो वाकला. बोटं मिटत नव्हती, तिसऱ्या खेपेला उचलली. मी म्हणालो, "काय सामुराई, चढली का?" बाकीचे हसले.

"मी ठीक आहे, दादा."

ड्युटीवर त्याने मला दादा म्हटलं. थंडी डोक्यात गेली की माणूस आपण कुठे आहोत ते विसरतो. हे मी स्वतः रिक्रूटांना शिकवत होतो.

१४:०० ला रेडिओवर आमच्या सेक्शनला जखमी-आजारी किती, ते विचारलं.

"टू-वन, सेंड कॅज्युअल्टी स्टेट. ओव्हर."

"टू-वन. निल. ओव्हर."

१४:२० ला तो खाली बसला. कुडकुडणं थांबलं होतं. मी कॅज्युअल्टी कळवली. ढग उतरले होते, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. आम्ही त्याला स्लीपिंग बॅगेत घातलं, स्ट्रेचरवर घेतलं आणि उतरायला लागलो. १६:५० ला खाली रस्त्यावर डॉक्टरांनी त्याची छाती दाबणं थांबवलं.

इन्क्वायरीत मी सगळ्या वेळा सांगितल्या. काडीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

आता मी रीडिंगच्या एका आयटी ऑफिसात सिक्युरिटी बघतो. गेल्या महिन्यात केतकी, तिथली मॅनेजर, म्हणाली, "दादा, टीमला बूस्ट हवाय. सामुराई फिलॉसॉफी, लाइफ लेसन्स, वीस मिनिटं बोला ना." मी बोललो. हे सगळं पहिल्यांदाच कोणापुढे सांगितलं. शेवटी म्हणालो, दुखलं तर सांगा, माझ्याकडे दुसरा धडा नाही. मग केतकीने डोळे पुसले आणि म्हणाली, "व्हॉट अ फायटर. टीम, डेडलाइनच्या वेळी निखिलला आठवा." टाळ्या वाजल्या. दुसऱ्या रांगेतला एक जण सकाळपासून खोकत होता. त्याला म्हटलं, घरी जा. तो म्हणाला, "मी ठीक आहे, दादा." लॅपटॉप उचलून तो डेस्कवर गेला.

दर नोव्हेंबरात मी क्रॉयडनला निखिलच्या आईकडे जातो. ह्या वेळी सगळं सांगायचं, असं ट्राममध्ये पक्कं ठरवलेलं असतं. यंदा काकूंनी चहा दिला आणि फोटोजवळची आगपेटी माझ्या हातात ठेवली. त्याच्या किटमधून आलेली. भिजून वाळलेली, काड्या एकमेकींना चिकटलेल्या.

"इतकी वर्षं विचारीन म्हणते," त्या म्हणाल्या. "ही खिशात कशाला? सिगारेट ओढायचा का रे तो? मी रागावणार नाही आता."

"नाही, काकू. स्टोव्ह पेटवायला असते सगळ्यांकडे."

"आणि शेवटी काही म्हणाला?"

"मी ठीक आहे म्हणाला."

"मग त्रास नसेल झाला," त्या म्हणाल्या आणि कप आत घेऊन गेल्या.

आगपेटी मी फोटोजवळ होती तशी ठेवली. निखिल सिगारेट ओढत नव्हता. त्या घरात मी पूर्ण खरं तेवढं एकच बोललो.