छाननीच्या दिवशीची सही

बँकेत शाईच्या पॅडचा वास आला, की आणीबाणीच्या आदल्या वर्षीची ती दुपार आठवते. पलटणीतून परतलेला माझा मित्र नगरपालिकेला उभा राहिला होता. त्यांच्या बौद्धवस्तीत नळ नव्हता, बायका ओढ्याचं पाणी भरायच्या. त्याच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून मी सही केली होती. छाननीच्या आदल्या दिवशी त्याच्या विरोधातला उमेदवार आमच्या ओसरीवर चहा प्यायला. साखर कारखान्यात त्याचंच चालायचं. जाताना तो वडलांना म्हणाला, “यंदा तुमचा ऊस फडातच वाळंल बगा.” दुसऱ्या दिवशी कोंदट कचेरीत साताऱ्याहून आलेल्या अधिकाऱ्यानं अर्ज पुढं करून विचारलं, “ही सही तुमचीच?” मी खाली बघत म्हणालो, “न्हाई, सायेब.” त्यानं पॅडवर शिक्का दाबून अर्जावर उमटवला, अर्ज बाद झाला. बाहेर पायरीवर मित्र शिव्या देईल असं वाटलं, तो एवढंच म्हणाला, “आदी सांगायचंस की रं, गड्या.” पुन्हा तो कधी उभा राहिला नाही. गेल्या वर्षी तो वारला. मयताला गेलो, तर त्याच्या मुलानं माझा हात धरला. “आवं, पुढं बसा. गावात सही द्यायला एकटे तुमीच तयार झाला हुता, बाबा लय सांगायचे.” पुढचं मित्रानं घरात सांगितलंच नव्हतं. मी पुढं जाऊन बसलो.