भिवाजीच्या दहा टाळ्या

टिपणीस साहेबाचं नुसतं नाव निघालं तरी भिवाजीच्या कपाळाला आठ्या पडायच्या. वर्तकनगरच्या पुढे पंपांचा कारखाना होता, त्याचा हा मॅनेजर, आणि भिवाजी तिथलाच मशीनवरचा कामगार.

१९८८ साली भागीदार जपानी कंपनीने भिवाजीला दीड महिना नागोयाला शिकायला नेलं. तिथून तो मशीनच्या कामाबरोबर आनंद करायची रीतही घेऊन आला. अभिनंदनाला ‘ओमेदेतो’, काम फत्ते झालं की दोन्ही हात उंचावून तीनदा ‘बांझाई’. आणि शेवटी टाळ्या. एकाने ‘इयोऽ’ असा सूर द्यायचा, मग सगळ्यांनी मिळून तीन, तीन, तीन आणि एक. तिथल्या म्हाताऱ्या फोरमनने दुभाष्याकरवी सांगितलेलं, की या टाळ्या पडल्या म्हणजे गोष्ट सगळ्यांच्या मनासारखी मिटली, मागून कुणी कुरकुर करायची नाही. भिवाजीला हे भारी आवडलं. लेकीच्या हळदीत त्याने अख्ख्या कोळीवाड्याकडून दहा टाळ्या वाजवून घेतल्या. सगळ्यांत जोरात वाजवल्या त्या नाथाने. नाथा त्याच्याच कारखान्यात पॅकिंगला होता.

टिपणीसाने या आनंदाची पार माती केली. जपानी शब्दांची पाटी भिंतीवर ठोकली आणि महिन्याचं उत्पादन पुरं झालं की हुकमाने बांझाई. हात खाली राहिला की मेमो. भिवाजी हात वर करायचा आणि मनात शिव्या घालायचा.

१९९१ साली पॅकिंगचं मशीन आलं आणि अकरा जणांना काढल्याची यादी बोर्डावर लागली. नाथाचं नाव तिसरं. त्याच दुपारी पन्नास हजारावा पंप बाहेर पडायचा होता आणि जपानहून मोठे साहेब आलेले.

“शेवटच्या टाळ्या तू घे,” टिपणीस भिवाजीला म्हणाला. “कामगार राजी आहेत हे साहेबांना दिसू दे. तुझी फोरमनची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे.”

कँटीनच्या दारात नाथा उभा होता. “भिवा, तू टाली वाजवलीस तं आमचं मिटलंच,” एवढंच तो बोलला. भिवाजीला त्याचाही राग आला. सगळं माझ्याच गळ्यात का घालता, असं त्याला झालं.

पेढे वाटून झाले, भाषण झालं. भिवाजी स्टुलावर चढला. दोनशे माणसं हात उचलून त्याच्याकडे बघत होती. त्याने ‘इयोऽ’ म्हणून खणखणीत सूर दिला आणि दोन्ही हात खिशात घातले.

टाळ्या एकट्या टिपणीसाच्या वाजल्या, त्याही तीनच. जपानी साहेबाने उचललेले हात खाली घेतले आणि दुभाष्याकरवी विचारलं, “काय मिटायचं राहिलंय?”

“बोर्डावरची अकरा माणसं,” भिवाजी म्हणाला.

यादी महिनाभर लांबली, इतकंच. शेवटी नाथा गेलाच, आणि फोरमनची ऑर्डर टेबलावरून कुठे गेली ते टिपणीसालाच ठाऊक.

चार वर्षांनी नाथाच्या पोराच्या हळदीत लोकांनी जपानी टाळ्यांचा हट्ट धरला. नाथाही हसत हात उचलून उभा राहिला. भिवाजी जागचा हलला नाही.

“नाय नाथा,” तो म्हणाला. “आपलं त्या यादीचं अजून मिटलं नाय.”