पवळ्याची बाजू

आता हे सांगतोय खरा, पण चहा संपेपर्यंत हसायचं नाही हं! नंतर हसावंसं वाटणारही नाही म्हणा.

बँकेतून निवृत्त झालो आणि लाकडावर चित्र कोरून छापायचा नाद लागला. कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये इतका भुसा, की बायको पोह्यांतूनही आधी तो निवडायची! मागच्या पावसाळ्यात जवळच्या ओवे गावात हिराजीबाबा नावाचे म्हातारे शेतकरी नांगरताना दिसले. मागे बांधावर बसून वहीत चित्र काढलं, त्यांना दाखवलं, ओळख झाली. डावीकडे सोन्या बैल, उजवीकडे मोडक्या शिंगाचा पवळ्या.

दिवाळीत पवळ्या साप चावून गेला. सोन्यानं चारा सोडला, पंधरवड्यात तोही गेला. मी भेटायला गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "साहेब, जोडीचा एक फोटो बी नाय आमच्याकडं. तुमी काढलेलं चित्र तरी द्या."

तीन आठवडे खपून कोरलं. कोपऱ्यात माझं नाव! छापल्यावर ते सुलटं यावं म्हणून लाकडावर मुद्दाम उलटं कोरलं. केवढी ही हुशारी! फ्रेम करून रिक्षाने ओव्याला नेलं.

बाबा चित्राकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरले. मी मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात कला!

"साहेब, ही माजी जोडी नाय."

"अहो, हा काय पवळ्या! हे मोडकं शिंग!"

"मग तो डावीकडं कसा? बारा वर्सं उजवीकडं जुंपला त्याला. जागा बदलली तर दोगं पाऊल नाय टाकायचे."

छापलं की डावं-उजवं उलटं होतं! छपाईच्या क्लासला गेलो होतो, तिथे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. ज्याचा गोठा रिकामा झाला, त्याच्या हातात मी हे देऊन आलो होतो. फार लाज वाटली.

"नवं कोरून आणतो," म्हणालो खरा, पण हात धजेना. पंधरा दिवसांनी नुसतंच तोंड दाखवायला गेलो. चित्र भिंतीवर होतं. समोर दाढीचा आरसा टांगून बाबा चित्राकडे पाठ करून बसले होते.

"या, बसा. असं बगितलं की पवळ्या उजवीकडं येतो."

शेजारी बसून आरशात पाहिलं. नांगर, चिखल, दोघांच्या पाठी, सगळं जागच्या जागी. मला रडूच आलं.

"नवं नको आता," बाबा म्हणाले. "फक्त कोपऱ्यात काय लिवलंय ते आरशात वाचताच येत नाय."

ते माझं नाव होतं. अख्ख्या लाकडावर आठवणीनं उलटं कोरलेलं तेवढंच!