आडनावातला ळ

आईच्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचं सॉफ्टवेअर काही केल्या बसेना. दरवेळी अर्ध्यावर तोच संदेश: फोल्डर सापडत नाही. दुरुस्तीचं बटण दाबलं तरी तेच. शेवटी तिने दुकानातल्या तंत्रज्ञाला फोन लावला.

"काकू, तुमच्या नावाचं फोल्डर मराठीत आहे, सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही. इंग्रजी नावाने नवीन खातं उघडा."

"वाचता त्याला येत नाही, आणि नाव मी बदलायचं? दुसरा मार्ग सांगा."

ऑफिसात परप्रांतीयांची जीभ वळत नाही म्हणून आडनावातला ळ मी मात्र कधीच सोडून दिला होता, 'काले' म्हटलं तरी ओ देत होते.

मग तंत्रज्ञाने दुसरा मार्ग सांगितला, त्याप्रमाणे आईने इंग्रजी नावाचं वेगळं फोल्डर केलं, सॉफ्टवेअर बसवताना लागणाऱ्या तात्पुरत्या फायली तिकडे वळवल्या. चौथ्या खेपेला सॉफ्टवेअर बसलं. स्वतःच्या नावाला तिने हातही लावला नाही.

प्रिंटरमधून पहिला कागद आला. त्यावर एकच शब्द, पानभर मोठा: काळे.

तो मी ऑफिसच्या टेबलावर लावलाय. आता लोक अडखळतात. अडखळू देत, मी थांबते.